दाब, तापमान आणि बिनतारी निरोप

घरात कुकर चढविलेला असतो आणि घरची माणसे बाहेरच्या खोलीत बसून शिट्ट्या मोजीत असतात. आत काय चालले आहे ते पाहावयास कोणी उठत नाही. आतील वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक किलोच्या आसपास वाढला, त्यामुळे पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांवर उकळू लागले आणि दाब आणखी चढताच शिट्टीचे वजन उचलले जाऊन जादा वाफ निघून गेली, एवढी सारी हकीकत त्या एका आवाजाने दुसऱ्या खोलीत कळते. मधे तार नसते. दाबाचा निरोप बिनतारी पोचविण्याची ही घरोघरची युक्ती आहे म्हटले तरी चालेल. मात्र शिट्टीच्या भोकात डाळीचा कण अडकला की ती वाजत नाही, आणि बाहेर बसलेला माणूस समजतो की अजून वाफच धरलेली नाही. आम्ही आज ज्या उपकरणांविषयी बोलणार आहोत त्यांच्यातील बहुतेक भानगडी ह्या डाळीच्या कणासारख्या आहेत.

यंत्रांवर बोलण्यास एखाद्या इंजिनियरास सोडून आम्हांस का उभे केले, असे काहींच्या मनात येईल. आमचे शिक्षण दहावीच्या परीक्षेपाशी थांबले. त्यानंतर जे काही शिकलो ते रात्रपाळीत, जुन्या पुस्तकांच्या दुकानात आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक मंडळींच्या चहाच्या सुट्टीत. युनियनचे काम करू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. मालकाशी पगारावर भांडावयाचे तर हिशेब यावा लागतो. तसे यंत्रावर भांडावयाचे तर यंत्र कळावे लागते. आमच्या वसाहतीतील एका कापड रंगविण्याच्या कारखान्यात बिनतारी सेन्सर आले, तेव्हा आम्ही प्रथम विरोधाचे पत्रक काढले. ते पत्रक घाईचे होते, हे आज येथे कबूल करतो. ते सर्वस्वी चूक नव्हते, पण घाईचे होते.

पूर्वी त्या कारखान्यात दर पाळीला चार माणसे फेरीवर असत. वाफेच्या नळांवर, रंगाच्या टाक्यांवर, छतावरच्या पाइपांवर जेथे जेथे गेज असेल तेथे जाऊन आकडा वाचावयाचा आणि लॉगशीटवर लिहावयाचा. एका पावसाळी रात्री आमचा एक हेल्पर बॅटरी तोंडात धरून शिडीवर चढला आणि ओल्या पायरीवरून घसरून कंबरेत मोडला. पुढे तो कामावर आला, पण बसून करण्याच्या कामावर. ज्या गेजसाठी तो चढला होता त्या जागी आज एक डबी बसविलेली आहे आणि तिचा आकडा खाली कंट्रोल रूममध्ये पडद्यावर दिसतो. त्याच्या बायकोने आम्हांस विचारले, "दादा, ही डबी आधी आली असती तर?" ह्या प्रश्नाला आमच्या पत्रकात उत्तर नव्हते.

आता ती डबी म्हणजे काय ते पाहू.

जुना गेज सर्वांनी पाहिलेला आहे: गोल तबकडी, काटा, काच. त्याच्या पोटात पितळेची वाकविलेली चपटी नळी असते. आत दाब चढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४९ साली ह्या नळीचे पेटंट घेतले आणि आजतागायत तिला त्याचेच नाव आहे. नव्या डबीत नळीऐवजी पोलादाचा पातळ पडदा असतो. दाबाने तो केसाच्या जाडीहूनही कमी वाकतो, आणि त्या वाकण्याने आतील एका बारीक तुकड्याची विजेची रोधशक्ती बदलते. तेवढा बदल मोजून त्याचा आकडा करावयाचा. तापमानाची गोष्ट निराळी. तेथे एक तर प्लॅटिनमची बारीक तार असते, जिचा रोध ० अंशांना १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम असतो. किंवा दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. त्या जोडाला आच लागली की अगदी थोडी वीज उत्पन्न होते. ह्या जोडीस थर्मोकपल म्हणतात.

येथपर्यंत सारे निसर्गाचे काम झाले. ह्यानंतर माणसाचे काम सुरू होते, आणि त्याला कारखान्यात नुसते 'सेटिंग' म्हणतात. डबी हातात घेऊन, तिला एक छोटे यंत्र जोडून, तिला काही गोष्टी सांगाव्या लागतात: तुझे नाव काय, तू कोणत्या नळावर आहेस, तुझ्या पोटात कोणता सेन्सर आहे, आकडा कोणत्या मापात सांगावयाचा, किती वेळाने सांगावयाचा. डबी ह्यातील काहीही स्वतः तपासून पाहत नाही. सांगितले ते खरे धरून चालते.

थर्मोकपलांच्या अनेक जाती आहेत. एक 'के' जातीची, एक 'जे' जातीची. नळावर बसविली 'के' आणि सेटिंग करणाराने चुकून डबीला सांगितले 'जे', तर काय होईल? डबी बंद पडणार नाही, लाल दिवा लावणार नाही. ती मोठ्या विश्वासाने आकडा देत राहील. फक्त नळ ३०० अंशांवर असेल तेव्हा पडद्यावर सुमारे २३० दिसेल. पाहणारा म्हणेल, थंड आहे, आच वाढवा. मोडलेले उपकरण त्या मानाने बरे. ते मोडले आहे एवढे तरी कळते.

दाबाच्या बाबतीत माप सांगण्यात अशीच गंमत होते. आपल्याकडे बॉयलरवाले 'किलो' म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम भार. इंग्रजी वळणाच्या यंत्रांवर पौंड असतात, आणि १०० पौंडांचे सुमारे ७ किलो होतात. शिवाय दाब बाहेरच्या हवेच्या वरचा मोजावयाचा की अगदी पोकळीपासून मोजावयाचा, हाही प्रश्न आहे. दोहोंत एका किलोचा फरक पडतो. मापाची गफलत शिकलेल्यांकडूनही होते. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यान नष्ट झाले, कारण एका गटाने हिशेब पौंडात पाठविला आणि दुसऱ्याने तो न्यूटनमध्ये समजून वापरला. आमच्या फिटरांना हे सांगितले तेव्हा त्यांना फार बरे वाटले.

जागेचाही विचार करावा लागतो. वाफ थेट पडद्यावर गेली तर तो भाजून निकामी होईल, म्हणून मधे नळीला डुकराच्या शेपटीसारखा वळसा देतात. त्यात पाणी साचते आणि वाफेची झळ ते पाणी सोसते. डबी नळाच्या तीन मीटर खाली बसविली तर मधल्या नळीतील पाण्याचे वजनही तिच्यावर पडते आणि आकडा ०.३ किलोने जास्त येतो. हे वजन सेटिंगमध्ये वजा करावे लागते. ते वजा केले की नाही हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. म्हणून कागदावर लिहून ठेवावे, असा आमचा आग्रह आहे, आणि त्यावरून आमची पुष्कळ भांडणेही झाली.

आता बिनतारीपणाकडे वळू. ह्या डब्या ज्या लहरींवर बोलतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील आहेत. घरातील वायफाय त्याच पट्ट्यात चालते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही. म्हणजे गर्दीचा रस्ता आहे. त्या गर्दीत निरोप हरवू नये म्हणून दोन युक्त्या केलेल्या असतात. एक म्हणजे प्रत्येक डबीला बोलण्यासाठी सेकंदाचा शंभरावा भाग एवढा ठरलेला वेळ मिळतो. तेवढ्यात तिने आपले बोलून घ्यावयाचे आणि पुन्हा झोपी जावयाचे. (आमच्या युनियनच्या सभेत ही शिस्त आणण्याचा आम्ही वीस वर्षे प्रयत्न करीत आहोत.) दुसरी युक्ती अशी की प्रत्येक निरोपाला लहरीची वाट बदलावयाची, एक वाट बंद असली तर पुढच्या खेपेस दुसरी. ह्या पद्धतीचे एक मानक वायरलेस हार्ट ह्या नावाने २००७ साली निघाले आणि २०१० साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आपल्याकडे अनेक कारखान्यांत तेच चालते.

पण ह्या पद्धतीचा खरा कणा शेजार हा आहे. प्रत्येक डबीचा निरोप थेट कंट्रोल रूमजवळच्या गेटवेपर्यंत पोचलाच पाहिजे असे नाही. ती आपल्या शेजारच्या डबीला सांगते, ती तिच्या शेजारणीला, असे करीत निरोप पोचतो. एक शेजारीण आजारी पडली तर दुसरीकडून जातो. जाणकार सांगतात की प्रत्येक डबीला निदान तीन शेजारी असावेत. उघड्या माळावर एकमेकींपासून २०० मीटरवरच्या डब्यांचेही बोलणे होते, पण टाक्या, पाइप आणि पत्र्याच्या भिंती ह्यांच्या दाटीत ३० मीटरही पुष्कळ होतात. लोखंड लहरी अडविते. पहिल्यांदा सुरू करताना गेटवेच्या जवळची डबी आधी चालू करावी, मग त्यापुढची, म्हणजे प्रत्येक नवी येणारी आपल्या ओळखीची कोणीतरी आधीच जागी असलेली पाहते.

अनोळखी माणसाने ह्या शेजारात घुसू नये म्हणून प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो आणि आत येण्यासाठी ३२ अक्षरांची एक किल्ली असते. निरोपही गुप्त लिपीत जातात. ही किल्ली डबी बनविणाऱ्याने घातलेली तशीच ठेवणे म्हणजे नव्या घराला बिल्डरचेच कुलूप ठेवण्यासारखे आहे. आम्ही एके ठिकाणी ती किल्ली कंत्राटदाराच्या माणसाने गेटवेच्या दारावरच कागदावर लिहून चिकटविलेली पाहिली. विचारले तर म्हणाला, "साहेब, विसरतं ना."

राहिला प्रश्न बॅटरीचा, आणि येथे पैशाचा संबंध येतो. डबीत लिथियमची बॅटरी असते. डबी दर सेकंदाला बोलली तर बॅटरी वर्ष-दोन वर्षांत संपू शकते. मिनिटाला एकदा बोलली तर पुष्कळ वर्षे जाते, दहा वर्षांपर्यंतही. बॅटरी महाग असते. म्हणून खर्च पाहणारा अधिकारी म्हणतो, पाच मिनिटांनी एकदा बोलू द्या. साठवणुकीच्या टाकीतील पाण्याच्या तापमानाला पाच मिनिटे चालतील, कारण एवढे पाणी पाच मिनिटांत थंड होत नाही. वाफेच्या नळावरचा दाब मात्र काही सेकंदांत चढतो. जे मोजावयाचे ते ज्या वेगाने बदलते त्याच्या कितीतरी पट वेगाने मोजले पाहिजे, एवढे साधे तत्त्व आहे. किती वेळाने बोलावयाचे हा आकडा सेटिंगच्या कागदावर एका ओळीत असतो. पण आमच्या मते तो आकडा ठरविताना खरेदी खात्याशेजारी बॉयलरवरचा माणूसही बसलेला असावा. आणखी एक गोष्ट. नळ फुटण्याच्या बेतात असताना वाफ बंद करण्याचे काम ह्या बिनतारी डब्यांवर सोपवू नये. त्याला स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह आणि स्वतंत्र यंत्रणा हवी. बिनतारी डबी बातमी देते. पहारा तिच्या एकटीवर ठेवावयाचा नसतो.

आमच्या कारखान्यात काय झाले ते आता सांगतो. फेरीवरची चार माणसे जाऊन एक राहिला. कंट्रोल रूममध्ये मात्र आमचे एक जुने बॉयलर अटेंडंट होते. त्यांना सारे नाना म्हणत. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. बॉयलरमधून ८ किलोची वाफ निघे, आणि रंगखात्याच्या टाकीसाठी एका व्हॉल्व्हने तिचा दाब ३.५ किलोपर्यंत उतरविलेला असे. उतरत्या बाजूस एक दाबाची डबी आणि टाकीच्या जॅकेटवर एक तापमानाची. एका रात्री पडद्यावर दाब ३.५० होता आणि तो ३.५० च राहिला होता. नानांनी पाळीवरच्या मुलास हाक मारली आणि म्हणाले, "अरे, हा आकडा मेलाय. वाफेचा आकडा कधी असा बसून राहत नाही, तो हलतो." मुलगा म्हणाला, "नाना, स्थिर आहे म्हणजे चांगलंच ना?" तेव्हा नानांनी खालच्या ओळीकडे बोट दाखविले. जॅकेटचे तापमान १५८ होते.

येथे क्षणभर थांबून हे समजून घेतले पाहिजे, कारण साऱ्या विषयात आम्हांस हेच सर्वांत मोलाचे वाटते. पाण्याला लागून असलेली ओली वाफ ही दाब आणि तापमान ह्यांच्या बाबतीत मनमानी करू शकत नाही. दाब ठरला की तापमान ठरले. ३.५ किलोला सुमारे १४८ अंश, ५ किलोला १५८, ७ किलोला १७०. बॉयलरच्या परीक्षेला बसणाऱ्यास हा तक्ता माहीत असतो. म्हणजे दाबाची डबी आणि तापमानाची डबी ह्या एकमेकींच्या साक्षीदार आहेत. एक खोटे बोलली तर दुसरीवरून पकडता येते. त्या रात्री एकाच पडद्यावर, एकाखाली एक, दोन परस्परविरुद्ध साक्षी तासभर उभ्या होत्या. आणि ज्याने तक्ता पाठ केला होता असा एकच माणूस त्या खोलीत होता.

मुलगा धावत रंगखात्यात गेला. दाब उतरविणारा व्हॉल्व्ह अडकला होता, दाब ५ किलोवर गेला होता आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून वाफ फेकीत होता. यंत्रांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नव्हते. त्या व्हॉल्व्हचे तोंड छतावर न नेता बाजूच्या वाटेकडे काढलेले होते. त्याच वाटेने पाळीच्या सुरुवातीस दोन बाया कापडाच्या ट्रॉल्या ढकलीत गेल्या होत्या. त्यांना काही झाले नाही. वाफ सुटली ती त्यांच्यानंतर.

चौकशीत निघाले ते असे. आठवड्यापूर्वी रंगखाते आणि गेटवे ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत लोखंडाची एक नवी टाकी उभी केली होती. दाबाच्या डबीला एकच शेजारीण होती आणि तिच्याशी बोलण्याची वाट ह्या टाकीने अडविली. काही दिवस निरोप अडखळत पोचले, मग थांबले. आणि पडद्याचे सेटिंग असे होते की निरोप आला नाही तर शेवटचा आलेला आकडा तसाच दाखवीत राहावे. गेटवेला ठाऊक होते की डबी गप्प आहे. तशी नोंद त्याच्यात सापडली. ती नोंद माणसाच्या डोळ्यांसमोर आणण्याचे सेटिंग कोणी केलेले नव्हते. दोष डबीचा नव्हता. टाकी उभारणाऱ्यास जाळ्याची माहिती नव्हती, जाळे बसविणारा कंत्राटदार काम संपवून गेला होता, आणि पूर्वी जो फेरीवाला त्या वाटेने दर तासाला जात असे तो आता नव्हता.

आम्हांस त्या रात्री भोपाळ आठवले, आणि ही आठवण उगाच मोठी केलेली नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब साडेदहाच्या सुमारास २ पौंड होता आणि ११ च्या सुमारास १० पौंड दिसला. टाकीचा नेहमीचा दाब २ ते २५ पौंडांच्या दरम्यान असल्यामुळे १० हा आकडा एकटा पाहणाऱ्यास तो बिनघोर वाटला. अर्ध्या तासात पाचपट झाला हे दिसावयास मागचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. त्यातून उपकरणांवर कोणाचा फारसा विश्वास उरला नव्हता. मध्यरात्रीनंतर काटा ५५ पौंडांच्या टोकाला जाऊन टेकला. आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांनी १९८५ साली केलेल्या पाहणीत नमूद आहे की त्या विभागातील कामगार १२ वरून ६ वर आणले होते. पुढे १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या कारखान्यांतील कामगारांना सुरक्षेच्या कामात भाग घेण्याचा आणि समोर दिसणाऱ्या धोक्याचा इशारा देण्याचा हक्क लिहिला गेला. इशारा देण्यास आधी आकडा दिसावा लागतो आणि तो वाचता यावा लागतो.

म्हणून आम्ही दुसरे पत्रक काढले, ते विरोधाचे नव्हे, मागण्यांचे. वाटाघाटी चार महिने चालल्या. व्यवस्थापनाने प्रथम म्हटले की सेटिंग ही तांत्रिक बाब आहे, युनियनचा तिच्याशी संबंध नाही. आम्ही नानांना बरोबर नेले आणि त्यांनी वाफेचा तक्ता टेबलावर ठेवला. अखेर करार झाला. प्रत्येक डबीच्या सेटिंगचा कागद तिच्या नावानिशी, करणाराच्या सहीनिशी आणि तारखेनिशी बॉयलर हाउसात टांगलेला राहील. निरोप आला नाही तर आकड्याच्या जागी रेघ येईल आणि घंटा वाजेल. कारखान्याच्या आवारात टाकी, पत्रा किंवा भिंत उभी करण्यापूर्वी इन्स्ट्रुमेंट खात्याची सही लागेल. धोक्याच्या जागांवरचे जुने काट्याचे गेज काढले जाणार नाहीत, आणि दर शनिवारी काटा आणि पडदा ह्यांचा ताळा घेतला जाईल. सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड छतावर गेले, हे करारात नव्हते; ते दुसऱ्याच दिवशी झाले होते. रात्रपाळीस फेरीवर दुसरा माणूस द्यावा ही मागणी मात्र मान्य झालेली नाही. ती अजून टेबलावर आहे.

नाना निवृत्त झाले. जाण्यापूर्वी त्यांनी पाळीवरच्या सहा मुलांकडून तो तक्ता १ किलोपासून १० किलोपर्यंत पाठ करून घेतला. मुले कुरकुरत होती, मोबाइलवर सापडतो म्हणत होती. गेल्या शनिवारी ताळा घेताना पडद्यावर ७ किलो आणि काट्यावर ६.६ किलो निघाले. त्यांच्यातील एकाने तापमान पाहिले, ते १७० होते. म्हणजे ह्या खेपेस डबी खरी होती आणि आमचा जुना गेजच खोटा. तो बदलण्याची चिठ्ठी त्याने स्वतः लिहून स्टोअरला दिली.